महागड्या गोल्फ बॉलचं कव्हर नक्की करतं काय?

बावधनच्या एका वाचकाने विचारलं आहे: "काका, गोल्फ सुरू करून दोन वर्षं झाली, हँडिकॅप २२ आहे (म्हणजे अठरा होलना ठरल्यापेक्षा साधारण बावीस फटके जास्त लागतात). दुकानात एक डझन बॉल पंधराशेलाही मिळतात आणि पाच हजारांनाही. दुकानदार म्हणतो, महागड्यावर युरेथेनचं कव्हर आहे, स्वस्तावर सर्लिनचं. एका सालीत एवढं काय असतं? ती बनते कशी? आणि माझ्यासारख्याने एवढे पैसे घालावेत का?"

आधी थेट उत्तर देतो. ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी, म्हणजे क्लब) मारताना कव्हरचा फरक तुम्हाला जवळपास जाणवणार नाही. पटिंगला, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवताना, जाणवला तर हाताआधी कानाला जाणवेल. खरा फरक पडतो तो शेवटच्या पन्नास-साठ यार्डांत, आणि तोही वेज (जवळच्या फटक्याचा, तिरक्या चेहऱ्याचा क्लब) बॉलला स्वच्छ लागली तरच. हे असं का, ते समजायचं तर बॉल कापून बघावा लागतो.

मी कापले आहेत. भोसरीत अठ्ठावीस वर्षं माझं छोटं वर्कशॉप होतं. एका शेडमध्ये पॉलियुरेथेनचं ओतकाम, दुसऱ्यात दोन इंजेक्शन मोल्डिंग मशिनं. रोलर, बुश, फोर्कलिफ्टची चाकं असला माल. गोल्फ बॉल मी कधीच बनवला नाही, पण त्याच्या कव्हरला लागणाऱ्या दोन्ही प्रक्रिया रोज हाताखालून जायच्या. चाळिशीत येरवड्याच्या कोर्सवर गोल्फ खेळायला लागल्यावर हात शिवशिवले आणि झाडीत सापडलेले बॉल व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने अर्धे करायचा नाद लागला. तुम्ही करणार असाल तर एक सांगतो, आतमध्ये रबरी दोरा गुंडाळलेला जुना बॉल चुकूनही कापू नका. ताणलेला दोरा फटाफट सुटतो, आणि अशा काही बॉलच्या पोटात दाबाखाली द्रव भरलेला असतो. तो थेट डोळ्यात उडतो.

स्वस्त बॉल कापला की दोन भाग दिसतात. मधे पॉलिब्युटाडाइन रबराचा मोठा गोळा आणि त्यावर दीडएक मिलिमीटरची टणक साल. महागडा कापला की तीन किंवा चार वर्तुळं दिसतात: रबराचा गाभा, त्यावर टणक थर, आणि सगळ्यात बाहेर तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यावर होईल एवढीच साल. ती युरेथेनची. गंमत म्हणजे तिच्याखालचा टणक थर बहुतेक वेळा सर्लिनच्याच जातीचा असतो. म्हणजे दुकानदार ज्याला 'स्वस्तातलं' म्हणाला ते मटेरियल महागड्या बॉलमध्येही आहे, फक्त ते एक घर आत सरकलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मऊ सालीचा सोस जुना आहे. १८४८ च्या सुमारास चामड्यात पिसं ठासून भरलेले बॉल मागे पडले आणि मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेले गट्टापर्चाचे बॉल आले. त्यानंतर १८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबराचा दोरा गुंडाळून बॉल केला. या दोऱ्याच्या बॉलवर पुढे साल चढली ती बलाटाची. हेही झाडाच्या चिकापासूनच, आणि ही झाडं आपल्याला अगदी परकी नाहीत. बलाटाचं झाड चिकू आणि खिरणीच्याच प्रजातीतलं, आणि गट्टापर्चाचं झाड त्याच कुळातलं, ज्यात आपली बकुळ आणि मोहही येतात. कच्चा चिकू तोडल्यावर हाताला जो चिकट पांढरा चीक लागतो, त्याचीच ही लांबची भावंडं. रूट कॅनाल केलं असेल तर गट्टापर्चा तुमच्या दाढेतही असेल.

रसायनाच्या भाषेत बलाटा आणि साधं रबर एकाच घटकाच्या माळा आहेत. फरक एवढाच, की रबरात माळेची वळणं एका पद्धतीची असतात म्हणून ते ताणतं, आणि बलाटात दुसऱ्या पद्धतीची असतात म्हणून माळा एकमेकींना चिकटून बसतात आणि ते चामड्यासारखं होतं. मऊ, चिवट, क्लबला धरून राहणारं. जुने खेळाडू त्याची आठवण काढतात ती फिरकीसाठी, कारण उलट फिरणारा बॉल पडल्यावर लवकर थांबतो. पण आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) जरा वरच्या बाजूला बसला की बॉलच्या गालावर हसरी चीर पडायची आणि बॉल कामातून जायचा. चार होलमध्ये दोन बॉल गेले, असं तेव्हा सहज व्हायचं.

मग १९६० च्या दशकात ड्युपाँटने आयोनोमर आणलं, तेच सर्लिन. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन असतं ना, साधारण तसल्याच साखळीत मेथाक्रिलिक आम्ल गुंफायचं आणि त्यातल्या काही आम्लाची सोडियम किंवा झिंकशी गाठ घालून द्यायची. हे विद्युतभार असलेले कण प्लास्टिकच्या पोटात विखरून राहत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये एका गावची माणसं जशी आपोआप एका कोपऱ्यात जमतात, तसे ते घोळके करतात. प्रत्येक घोळका ही साखळ्यांमधली एक गाठ. गरम केलं की गाठी सैलावतात आणि माल वाहतो, गार केलं की पुन्हा बसतात. म्हणून सर्लिन इंजेक्शन मशीनमध्ये चालतं, उरलेला रनर (साच्याकडे जाणाऱ्या वाटेत गोठलेला माल) दळून पुन्हा वापरता येतो, आणि तयार साल इतकी चिवट होते की आयर्नने कापली जात नाही. सोडियमचं आणि झिंकचं सर्लिन मिसळलं तर उसळी एकट्या कुठल्याही जातीपेक्षा चांगली मिळते, म्हणून कव्हरसाठी बहुधा मिश्रणच वापरतात.

तोटा एकच होता, पण मोठा. वेजने मारलेला असा बॉल निसटतो. त्यामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षं उघड दोन तट होते. व्यावसायिक खेळाडू बलाटा वापरायचे आणि चीर पडली की फेकून द्यायचे. बाकी दुनिया सर्लिन वापरायची आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बॉल थांबत नाही म्हणून कुरकुरायची. नव्वदच्या दशकात युरेथेनची साल आली, पण सुरुवातीला ती दोऱ्याच्या बॉलवरच होती. भरीव गाभा, टणक मधला थर आणि वर पातळ युरेथेन या रचनेने खरी उलथापालथ केली ती २००० साली. त्या वर्षी टायगर वूड्सने दोऱ्याचा बॉल सोडला आणि पेबल बीचची यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकली. ऑक्टोबरमध्ये टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही-वन बॉल लास वेगासच्या स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो उचलला. त्यानंतर दोऱ्याचा बॉल पाहता पाहता संपला.

आता ही साल बनते कशी, ते सांगतो. माझ्या आवडीचा भाग आहे, थोडा रेंगाळणार.

सर्लिनचं काम मोल्डिंगवाल्याला ओळखीचं वाटेल. दाणा हॉपरमध्ये, तापलेल्या बॅरलमध्ये वितळवला, अर्ध्या-अर्ध्या वाटीच्या साच्यात मधे गाभा ठेवला आणि भोवती माल मारला. अडचण एकच. गाभा हवेत तरंगत ठेवायचा कसा? त्यासाठी साच्यातून बारीक पिना पुढे येऊन गाभ्याला चहूबाजूंनी धरतात. माल भरत आला, पण अजून घट्ट झालेला नाही, त्या क्षणी पिना मागे सरकतात आणि त्यांची भोकं मालाने भरून निघतात. पिना लवकर सरकल्या तर गाभा एका बाजूला ढकलला जातो, उशिरा सरकल्या तर खड्डे राहतात. गाभा एका बाजूला सरकलेला बॉल दिसायला अगदी गोल दिसतो, पण त्याचं वजन एकीकडे असतं. पटिंगला तो सरळ लाइन सोडतो आणि दोष आपण मनगटाला देतो.

युरेथेनचं ओतकाम वेगळंच प्रकरण आहे. इथे माल वितळवायचा नसतो, तो साच्यातच जन्माला घालायचा असतो. एका टाकीत आयसोसायनेट आणि पॉलिओलचं आधीच तयार केलेलं पाकासारखं रसायन, म्हणजे प्रीपॉलिमर, दुसऱ्या टाकीत हार्डनर. दोन्ही मोजून एकत्र आली की घड्याळ सुरू. अर्ध्या साच्यात थोडा माल ओततात आणि तो जेलीसारखा होईपर्यंत थांबतात. मग वरून गाभा त्यात उतरवतात. पातळ असताना उतरवला तर गाभा बुडून तळाला टेकतो, घट्ट झाल्यावर उतरवला तर माल वर चढत नाही आणि हवा अडकते. हातात असतात मोजके सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या अर्ध्या साच्यातला माल त्याच अवस्थेला आलेला असायला हवा, मग तो वरून बसवून दोन्ही अर्धे आवळतात. एकदा घट्ट झालं की हे युरेथेन पुन्हा वितळत नाही. साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. बिघडलेला बॉल दळून पुन्हा वापरायची सोय नाही, तो भंगारात. किमतीचा बराच भाग इथे जातो: वेळ, अचूक मोजमाप, आणि वाया जाणारा माल.

त्यात पाण्याचं वैर. आयसोसायनेटला ओलावा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मालात बुडबुडे येतात. पुण्याच्या जुलैत हे मी पैसे मोजून शिकलो. नवीन असताना हार्डनरच्या डब्याचं झाकण एका रात्री सैल राहिलं, सकाळी त्यातूनच रोलरची एक बॅच ओतली. कापल्यावर आतून जाळीदार पाव निघाला. रोलरला तो बुडबुडा आत लपून जातो तरी. पाऊण मिलिमीटरच्या सालीत लपायला जागाच नाही. म्हणून असल्या कारखान्यांत हवा कोरडी ठेवतात, रसायन निर्वात पंपाखाली ठेवून त्यातली हवा आणि ओल काढून घेतात. खालच्या थराचा पृष्ठभागही आधी प्लाझ्मा किंवा कोरोना या विजेच्या प्रक्रियेने चिकटण्याजोगा करून घेतात, नाहीतर युरेथेन आणि सर्लिन यांचं सहजासहजी जमत नाही.

तिसरा मार्ग मधला आहे: थर्मोप्लास्टिक युरेथेन, ज्याला टीपीयू म्हणतात. हे दाण्याच्या रूपात येतं आणि सर्लिनसारखं इंजेक्शनने मारता येतं. स्वस्त पडतं, वेगात होतं. तुम्हाला मधल्या किमतीत 'युरेथेन कव्हर' लिहिलेले बॉल दिसतात, त्यातले बरेच या पद्धतीचे. फिरकीला ते ओतकामाच्या फार मागे नाहीत. मात्र चेहऱ्यावरच्या खाचा धारदार असलेल्या वेजने साल लवकर खरवडली जाते, असा माझा अनुभव आहे. साखळ्या कायमच्या बांधलेल्या नसल्या की असं होणारच.

साच्यातून निघाल्यावर जोडरेषेवरचा फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेला जादा माल, घासून काढायचा, शिक्के मारायचे, रंग किंवा पारदर्शक लेप द्यायचा. रंग केवळ देखणेपणासाठी नसतो. नेहमीचं युरेथेन उन्हाने पिवळं पडतं. आमचे पांढरे रोलर गच्चीवर आठवडाभर राहिले की जुन्या वर्तमानपत्रासारखे व्हायचे. पण लेप जाड झालेला चालत नाही, कारण बॉलवरचे खळगे जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतात. ते भरले की उड्डाण बिघडलं. खळगेही सालीचाच भाग आहेत बरं का. अगदी गुळगुळीत बॉल त्याच फटक्यात निम्म्याच्या आसपास अंतर जातो.

आता खेळाकडे येऊ. क्लब आणि बॉल यांची भेट साधारण अर्धा मिलिसेकंद टिकते. ड्रायव्हरच्या फटक्यात तेवढ्या वेळात अख्खा बॉल चपटा होतो. गाभा, मधला थर, साल सगळं एकदम दबतं. साल म्हणजे त्या गर्दीतला पाऊण मिलिमीटर, तिचं मत कोण विचारतो? वेग आणि फिरकी गाभा ठरवतो, फिरकी मिनिटाला दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास राहते, आणि फार वाढलेली तुम्हाला नकोच असते.

वेजने हलका फटका मारताना चित्र उलटं होतं. क्लबचा चेहरा खूप तिरका, वेग कमी, त्यामुळे गाभा फारसा दबतच नाही. बॉल त्या तिरक्या चेहऱ्यावर वर घसरू पाहतो. युरेथेनची मऊ साल खालच्या टणक थरावर दाबली जाते, क्लबच्या खाचांच्या कडांत किंचित शिरते आणि घसरणं थांबवते. घसरणं थांबलं की बॉलला गोल फिरण्यावाचून पर्याय राहत नाही. पाटा आणि वरवंट्याच्या मधे सापडलेल्या ओल्या खोबऱ्यासारखी सालीची अवस्था असते. पाटा मऊ असता तर खोबरं वाटलं गेलं नसतं. म्हणजे साल एकटी काही करत नाही. मऊ साल, तिच्याखाली टणक थर आणि समोर स्वच्छ खाच ही तिन्ही असतील तर फिरकी. पूर्ण वेजच्या फटक्यात व्यावसायिकांची फिरकी आठ-दहा हजार फेऱ्यांपर्यंत जाते ती यामुळे.

सर्लिनच्या बॉलला तीच वेज लावली तर तो चेहऱ्यावर घसरत वर चढतो. परिणामी जास्त उंच उडतो आणि कमी फिरतो. नवीन खेळाडू इथे फसतात. 'उंच गेला म्हणजे थांबेल,' असं वाटतं, पण पडल्यावर तो फ्लॅगच्या पुढे निघून जातो. युरेथेनचा बॉल कमी उंचीवरून जातो, एक टप्पा घेतो, दुसऱ्या टप्प्याला करकचून ब्रेक लागतो. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारल्यावर बॉलची उंची बघा, आकड्यांशिवाय कव्हर ओळखता येईल.

दुकानात आणखी एक घोळ होतो तो 'सॉफ्ट' या शब्दाचा. खोक्यावर सॉफ्ट लिहिलं असेल तर बहुधा गाभा कमी जोरातही दबणारा आहे, एवढाच अर्थ. साल सर्लिनची टणकच असू शकते. असा बॉल ड्रायव्हरला, पटरला मऊ वाटेल, आवाज ठसक्याऐवजी ठप्प येईल, पण वेजला निसटेलच. आणि युरेथेन म्हणजे लोणी असंही नाही. शोअर डी या कडकपणाच्या मापावर सर्लिनची साल साठ-सत्तरच्या घरात आणि युरेथेनची पन्नाशीच्या आसपास असते. आम्ही फोर्कलिफ्टची चाकं ओतायचो ती याहून थोडीशीच मऊ असायची. नखाने दाबून कव्हर ओळखणारे महाभाग क्लबहाउसमध्ये भेटतात. त्यांना चहा पाजावा, सल्ला घेऊ नये.

तुमच्यासाठी याचा हिशेब असा. एप्रिल-मेमध्ये आपली ग्रीन तापून टणक होतात. पाण्याची पाळी चुकली तर बॉल फरशीवर पडल्यासारखा उसळतो. तेव्हा युरेथेनचा उपयोग उघड दिसतो. पावसाळ्यात ग्रीन इतकी मऊ असतात की कुठलाही बॉल पडल्या जागी रुततो. शिवाय क्लब आणि बॉलच्या मधे ओलं गवत आलं की खाचांची पकडच जाते. जून ते सप्टेंबर पाच हजारांचा डझन झाडीत आणि नाल्यात उधळण्यात मला काही अर्थ दिसत नाही. मी स्वतः त्या चार महिन्यांत साधा दोन भागांचा बॉल खेळतो आणि त्याची लाजही वाटत नाही.

२२ हँडिकॅपला एका राउंडमध्ये तीन-चार बॉल हरवत असाल तर आधी ते थांबवा. एखादाच हरवत असेल आणि ग्रीनच्या बाहेरून चिप मारायची वेळ वारंवार येत असेल, तर मधल्या किमतीचा टीपीयूचा बॉल घ्या. पण एक पथ्य पाळा. एका राउंडमध्ये सर्लिन आणि युरेथेन आलटूनपालटून खेळू नका. पाच होल एक बॉल तीन पावलं पळणार, सहाव्या होलला दुसरा जागीच थांबणार, मग हाताला अंदाज येणार कुठून? बॉल कोणता यापेक्षा तो एकच असणं तुमच्या पातळीला जास्त कामाचं आहे.

तळ्यातून काढून, पुन्हा रंगवून नव्यासारखे विकलेले बॉल मात्र टाळा. पाण्यात फार काळ पडलेल्या बॉलमध्ये हळूहळू ओल शिरते आणि वेग घटतो. वरून दिलेल्या रंगाने खळगे उथळ होतात ते वेगळंच. न रंगवलेले, नुसते धुतलेले, फार जुने नसलेले बॉल सरावाला चालतात.

साल खरचटली की काय करायचं, हेही सांगून ठेवतो. सिमेंटच्या वाटेवर आपटून कापसासारखे धागे निघाले असतील तर तो बॉल सरावाच्या पिशवीत टाका, कारण तिथे खळगे मोडलेले असतात. पण होल खेळत असताना नियम कडक आहे. बॉल कापला किंवा तडकला असेल तरच मध्येच बदलता येतो. नुसता ओरखडा असेल, रंग उडाला असेल, तर तोच बॉल त्या होलपुरता पुढे खेळावा लागतो. पुढच्या टीवर, म्हणजे पुढचं होल सुरू करताना, हवा तो घ्या.

पैसे घालायच्या आधी एक सकाळ खर्च करा. दोन्ही जातींचे तीन-तीन बॉल घ्या, कोरड्या दिवशी सरावाच्या ग्रीनपासून वीस यार्डांवर उभे राहा, वेज पुसून घ्या. बॉल जमिनीवर कोणता ठेवायचा ते कॅडीला (तुमची बॅग उचलणाऱ्याला) ठरवू द्या आणि तुम्हाला सांगू नको म्हणा. सहाही चिप मारून झाल्यावर पडल्यापासून किती पावलं पळाला ते मोजा. दोन गट आपोआप वेगळे पडले तर महागडा बॉल तुमच्या हाताला कळतोय, तो घ्या. सहाही बॉल सगळीकडे विखुरले असतील तर पंधराशेवाला डझन घ्या, आणि उरलेल्या साडेतीन हजारांत कोचचे दोन-तीन तास होतील. कापलेले अर्धे बघायचे असतील तर ते अजून माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात आहेत, रविवारी राउंड झाल्यावर दाखवीन.